पोरगी बोलायलीय

आमच्या घरात बापानं आपलं लेकरू वडीलधाऱ्यांसमोर उचलायचं नाही, अशी रीत होती. कुणी ती घालून दिली ते ठाऊक नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. भावाचं मूल घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, गिऱ्हाइकाचं घ्यावं. स्वतःचं मात्र रडत असलं तरी दुसरीकडे बघावं. मोठ्या भावाची दोन्ही मुलं माझ्या अंगाखांद्यावर वाढली. माझी पोरगी झाली, तेव्हा मला कळलं की भावानं इतकी वर्षं काय सोसलं असेल.

वालूरला आमचं किराण्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. वडिलांना मुलं, सुना, नातवंडं, दुकानावरचे हमाल, सगळे अप्पाच म्हणत. सकाळी लिंगपूजा झाली की कपाळभर विभूती लावून ते गादीवर येऊन बसत आणि दुपारपर्यंत कामापुरतं बोलत. आम्ही दोघं भाऊ त्यांच्या डोळ्याच्या इशाऱ्यावर चालायचो. मी गावातल्या उर्दू शाळेत शिकलो होतो, तहसीलचा उर्दूतला कागद आला की वाचून दाखवायचो, तेवढाच माझा मान. बाकी पंचविशीतही मी त्या घरात लहानच होतो.

मुलगी झाली तेव्हा बारशाला सगळं गाव जेवलं, पण मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते मागच्या खोलीत, दार लोटून. पुढंही तसंच चाललं. बायकोशी दिवसा बोलायचं नाही, पोरीला दिवसा घ्यायचं नाही. पोरगी अप्पांच्या मांडीवर बसून त्यांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तोंडात घालायची, आणि मी समोर बसून शेंगदाणे मोजून द्यायचो. अप्पा तिला काही म्हणत नसत. लाळेनं भिजलेली डबी धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि परत तिच्या हाती द्यायचे.

पोरगी वर्षाची झाली, सव्वा वर्षाची झाली, पण बोलेना. हसायची, टाळ्या वाजवायची, रांगत उंबऱ्यापर्यंत यायची, पण तोंडातून शब्द नाही. मायनं वेखंड उगाळून जिभेवर चाटवलं. कुणी सांगितलं म्हणून पोपटानं टोचलेला पेरू आणून खाऊ घातला. वहिनी म्हणायच्या, "बोलंल की माय, घाई काय हाय? एकदा सुरू झाली की गप बस म्हनावं लागंल." मी हे सगळं दुकानातून ऐकायचो. तोंडानं विचारायची सोय नव्हती.

त्या वर्षी संक्रांतीला बायको माहेरी गेली. माहेर चुडाव्याच्या पलीकडचं एक लहान गाव. पोरीचं बोरन्हाण तिकडंच करायचं ठरलं होतं. मेहुणा येऊन दोघींना घेऊन गेला. घर एकदम मोकळं वाटायला लागलं. ते मला वाटणं साहजिक होतं. पण अप्पाही दोन-तीनदा गादीवर बसताना शेजारची जागा हातानं झटकून ठेवताना दिसले.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. आमच्या घराण्याचे गुरू, जंगम स्वामी, चुडाव्याच्या भागातून फिरत फिरत आमच्याकडे जेवायला आले. म्हातारे होते, ऐकायला कमी यायचं. मायनं त्यांचे पाय धुतले, ताट वाढलं. पहिला घास घेऊन त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले,

"अगं, तुमची नात बोलायलीय की!"

मायच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. वहिनी चुलीपुढून उठून दारात आल्या. भाऊ आणि मी पंगतीत होतो. मी भाकरीचा तुकडा मोडून मोडून त्याचा चुरा केला.

"काय बोलती स्वामी?" मायनं मोठ्यानं विचारलं.

"एकच सबद बोलती. पन सारखा बोलती. काय बरं..." स्वामींनी डोळे मिटले. सगळं घर त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिलं. "न्हाई बा आठवत. लहानसाच हाय."

"आज्जी म्हनत असंल," माय म्हणाली.

"न्हाई, आज्जी न्हाई."

"माय म्हनत असंल मग," वहिनी म्हणाल्या.

"ते बी न्हाई. ओठावर हाय बगा माझ्या..." आणि स्वामी जेवायला लागले.

जेवण झालं, विडा झाला, दक्षिणा घेऊन स्वामी वेशीपर्यंत गेले, पण शब्द काही त्यांना आठवला नाही. मी पोहोचवायला गेलो होतो. वाटेत मी त्यांना मामा, काका, दादा, दूध, भू, काऊ, चिऊ असे सुचतील तेवढे शब्द कानाशी ओरडून विचारले. प्रत्येकाला ते नकाराची मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "लेकरा, इतकं वाटतंय तर जाऊन ऐक की."

जाऊन ऐक! सांगायला सोपं होतं. सून आणायला घरातलं कुणीतरी मोठं जायचं, नवऱ्यानं स्वतःच उठून जाणं म्हणजे उतावळेपणा.  पुढच्या दोन दिवसांत गिऱ्हाइकानं जिरे मागितले तर मी मोहरी दिली, आणि मिठाच्या पोत्यात साखरेचं माप घातलं. तिसऱ्या दिवशी अप्पांनी गादीवरून विचारलं,

"चुडाव्याला सुनंला आनायला कोन जातंय?"

भाऊ म्हणाला, "मी जातो की."

"तुला तुरीच्या राशीवर जायचंय." अप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "धाकट्याला धाड. तसं बी त्याचं दुकानात ध्यान न्हाई."

सेलूपर्यंत बैलगाडी आणि तिथून रेल्वे. डब्यात बसल्यावरही मला हसू आवरत नव्हतं. रुळाच्या दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आली होती, शेताशेतातून धूर निघत होता. मी मनाशी ठरवत होतो, की तिथं पोचल्या पोचल्या ती मला बघून तो शब्द म्हणेल. कुठलाही असू दे, मला चालणार होता.

सासरवाडीत पाय धुवायला पाणी आलं, ओसरीवर घोंगडं अंथरलं, आणि मेहुणा समोर येऊन बसला. खुशालीची बोलणी चालली होती, तेवढ्यात आतल्या दारातून माझी पोरगी आली. चालत आली! जाताना रांगत होती. आता एक हात भिंतीला लावून, पोट पुढं काढून, एकेक पाऊल आपटत येत होती. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बोलण्याच्या कौतुकात तिचं चालणं सगळे विसरले होते. मी घोंगड्यावरून अर्धा उठलो. तिनं मला बघितलं, जागेवर थांबली, ओठ काढला, आणि मोठ्यानं भोकाड पसरून आत पळाली. पळताना पडली आणि आणखी रडली.

"बोलती बरं का दाजी!" मेहुणा घाईनं म्हणाला. "आताच बोलत होती." तिला उचलून आणून त्यानं तिचं तोंड माझ्याकडं केलं. "बोल गं. मामा कुठं हाय? मामा?"

पोरीनं मामाच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मग मेहुणीनं प्रयत्न केला, सासऱ्यांनी केला, शेजारची एक म्हातारी कौतुकानं आली होती, तिनंही केला. पोरगी बोट तोंडात घालून माझ्या टोपीकडं बघत राहिली. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "परकं मानूस बघून गप झालीय, दुसरं काय न्हाई."

बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. दाराआड बांगड्या वाजल्या, मेहुणीनं तोंडाला पदर लावला. सगळे हसले, मीही हसलो. पण ते परकं माणूस मला लागलं. तिचं काही चुकलं नव्हतं. दिवसाउजेडी तिनं मला कधी जवळून बघितलंच कुठं होतं?

तो शब्द कुठला, हे मी तिथं विचारलं नाही. विचारला असता तर लगेच सांगितला असता. पण मला तो तिच्याच तोंडून पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लेकीची ओटी भरली, हुरड्याची आणि तिळाच्या पोळ्यांची शिदोरी बांधली. मेहुण्यानं गाडी जुंपून आम्हाला चुडाव्याच्या स्टेशनवर सोडलं. रेल्वे यायला अवकाश होता. मी एका लिंबाच्या झाडाखाली बसलो, बायको पोरीला घेऊन त्याच झाडाच्या पलीकडच्या अंगाला, पाठ करून बसली. मेहुणा मध्ये उभा होता, तोवर ते बरोबरच होतं. गाडी आली, सामान चढलं, आम्ही चढलो, मेहुणा मागं राहिला, आणि माझ्या ध्यानात आलं की आता आमच्या ओळखीचं एकही माणूस जवळ नाही.

डब्यात गर्दी नव्हती. आमच्यासमोर एक मुसलमान म्हातारी बसली होती. बुरख्याचा पडदा मागं टाकलेला, मांडीवर पानाचा डबा, पायाशी मोठं गाठोडं. तिनं थोडा वेळ आमच्याकडं बघितलं. पोरगी आईच्या मांडीवर चुळबूळ करत होती, आणि मी सवयीनं खिडकीबाहेर बघत होतो.

"बच्ची कू लेव ना बेटा," म्हातारी म्हणाली. "माँ के हाताँ दुखते होंगे."

मी सवयीनं आजूबाजूला बघितलं. मग बायकोकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती, पण पोरीला माझ्याकडं सरकवली.

पोरगी माझ्या मांडीवर लाकडासारखी ताठ बसली. रडली नाही, हेच पुष्कळ. तिनं माझ्या कपाळावरच्या विभूतीला बोट लावलं, बोट बघितलं, चाखलं. अप्पांच्या कपाळावर तिनं तेच बघितलेलं असणार. अंग जरा सैल पडलं. मी तिला खिडकीशी उभी केली. बाहेर मोटेवर बैल चालले होते.

"ते बघ," मी म्हटलं. "बैल हाय का तिथं?"

"हाय!" पोरगी म्हणाली.

मला आधी वाटलं बायकोच बोलली. मी वळून बघितलं. तिचे डोळे चमकत होते. "तेच," ती हळूच म्हणाली. "तेच बोलती. माझ्या मायनं पदर तोंडावर घेऊन 'बाळ कुठं हाय' करून शिकिवलंय."

हाय! आमच्या स्वामींच्या ओठावर अडकलेला लहानसा शब्द. मी परत खिडकीकडं वळलो.

"झाड हाय?"

"हाय."

"विहीर हाय?"

"हाय!"

"हत्ती हाय?"

"हाय!" हत्ती कुठं नव्हता, पण तिनं ठणकावून सांगितलं.

म्हातारी पानाचा डबा बाजूला ठेवून पुढं वाकली. "चाँद है?"

"हाय!"

"अल्ला मियाँ है?"

"हाय!"

"अगे माँ! ये तो हमारी जबान बोलरी!" म्हातारी मांडीवर हात मारून हसायला लागली. "है बोलरी देखो, है!"

"आमचं बी हायच हाय," बायको एकदम बोलून गेली, आणि स्वतःच खळखळून हसली. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. तिचं असं मोठ्यानं, उघड्यावर हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिच्या हसण्यानं पोरगी हसली, पोरीच्या हसण्यानं मी. पूर्णा स्टेशन कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही. मी खिडकीतून दिसेल ते विचारत होतो, आणि ती होय म्हणत होती. जगात जे जे आहे त्याची ती हमी देत होती.

शेवटी मी तिला माझ्याकडं वळवलं. हा प्रश्न ओठाशी बराच वेळ होता. "मी हाय?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डोळे, नाक, मिश्या, सगळं बघून झालं. मग हात पुढं करून तिनं माझी मिशी धरली आणि सावकाश म्हणाली, "हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही. तिथं लपवायचं कुणापासून?

थोड्या वेळानं बायको खाली मान घालून म्हणाली, "तिला सांगा की, तुमी कोन ते."

"काय सांगू?" घरात पुतणे मला काका म्हणत. ते आपल्या बापालाही, मी म्हणतो म्हणून, अण्णाच म्हणत. बापाला बापाच्या नात्यानं हाक मारायची आमच्याकडं पद्धतच पडली नव्हती. "काका म्हनंल की इतरांसारखी."

"काका कशाला?" बायको म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण पक्का होता. मग ती पोरीकडं वाकली. "बाबा म्हन. हे बाबा हायत. बा-बा."

पोरीनं दोन्ही ओठ मिटले, उघडले, नुसता वारा निघाला. म्हातारीनं म्हटलं, "बोल बेटी, बाबा." तरी नाही. आम्ही काही नेट धरला नाही. एका दिवसात एक शब्द मिळाला होता, आणखी हाव कशाला?

परभणीला म्हातारी उतरायची होती. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, दृष्ट काढली. मी पोरीला बायकोकडं दिलं आणि म्हातारीचं गाठोडं घेऊन खाली उतरलो. फलाटावर पाच-सहा पावलं गेलो असेन.

"बाबा!"

मागून खिडकीतून आवाज आला. मी गाठोड्यासकट थांबलो.

"बाबा! बाबा!" गजाला दोन्ही हातांनी धरून पोरगी ओरडत होती. मी निघून चाललो असं वाटलं असणार तिला. तिच्यामागं बायकोचा हसणारा, रडणारा चेहरा.

म्हातारीनं माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. "जा बेटा, बुलारी तेरे कू."

त्या फलाटावर मी पाच-सहा पावलंच पळालो, पण आयुष्यात तितक्या आनंदानं कधी पळालो नाही.

सेलूला उतरलो, बैलगाडीत बसलो आणि वालूर जवळ येईल तशी आमची दोघांची तोंडं आपोआप मिटत गेली. घरी पोचल्यावर बायको मागल्या दारानं आत गेली, मी पुढल्या दारानं दुकानात. पोरगी मायच्या कडेवर. आतून "हाय, हाय" आणि हसण्याचा गलका ऐकू येत होता. मायला मात्र शब्द पटला नव्हता. "हाय हाय काय गं मेलं, कुनाच्या घरी रडारड हाय का? आज्जी म्हन." पोरगी म्हणाली, "हाय."

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी आली. अप्पा गादीवर बसले होते. मी एका बाईला गूळ तोलून देत होतो. आतल्या दाराचा उंबरा पोरीनं बसून ओलांडला, उठून उभी राहिली, दुकानात सगळीकडं बघितलं, आणि माझ्याकडं दोन्ही हात करून म्हणाली,

"बाबा!"

मी तराजूच्या काट्यावरची नजर हलवली नाही.

"बाबा!" आता जरा मोठ्यानं.

गिऱ्हाईक बाई माझ्याकडं बघत होती. भाऊ पोतं उचलता उचलता थांबला. माझ्या कानापर्यंत सगळं गरम झालं. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली तेव्हा तिचा आवाज कापत होता. काल मिशी धरू देणारा माणूस आज बघतसुद्धा नाही, हे तिला कसं कळावं?

"बहिरा झालास का रे?" अप्पांचा आवाज आला.

"न्हाई, अप्पा."

"मग पोरगी हाका मारायलीय ते ऐकू येत न्हाई?"

"येतंय."

"मग घे की तिला!" अप्पा खेकसले. "दगडासारखा काय उभा राहिलास? गूळ कुठं पळून जायलाय?"

मी तराजू खाली ठेवला. पुढं जाऊन तिला उचललं. अप्पांसमोर, भावासमोर, भर दुकानात. तिनं माझ्या मानेभोवती हात टाकले आणि ओलं तोंड माझ्या सदऱ्याला पुसलं. अप्पा दुसरीकडं बघत होते. खूप वेळानं म्हणाले, "बाबा कुनी शिकिवलं?"

 आत दाराआड बांगड्यांचा आवाज एकदम थांबला.

"चांगला सबद हाय," अप्पा म्हणाले, आणि गिऱ्हाईक बाईला गूळ त्यांनी स्वतः उठून तोलून दिला.

त्या संध्याकाळी भावानं आपल्या धाकट्याला अंगणात उचलून खांद्यावर घेतलं. ते पोरगं चांगलं पाच वर्षांचं. बापानं उचलायची सवय नाही. इतकं गांगरलं की "काका, मला उतरवा" म्हणून मलाच हाका मारायला लागलं. वहिनी हसून हसून ओट्यावर बसल्या. पण भावानं त्याला उतरवलं नाही. तसाच वेशीपर्यंत फिरवून आणला.

त्यानंतर शब्दांना खंड पडला नाही. पावसाळा सरेपर्यंत पोरगी अख्खी वाक्यं बोलायला लागली, आणि बायकोला तिचा एक वेगळाच उपयोग सापडला. आधी जेवायला बोलवायचं म्हणजे ती आतून तांब्या वाजवायची, आणि मी ओळखून उठायचो. आता पोरगी यायची. "बाबा, माय म्हनती जेवाया चला." "बाबा, माय म्हनती तेल संपलं." जे आम्ही दिवसभरात एकमेकांना सांगू शकत नव्हतो, ते सगळं ती उंबऱ्यावरून ये-जा करत पोचवायची. तिला काय सांगावं, काय सांगू नये, याचा पोच नव्हता, म्हणून बायको जपून बोलायची.

तरी एकदा चुकलंच. दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी होती. पोरगी आली आणि सगळ्यांच्या मध्ये उभी राहून तिनं सांगितलं, "बाबा, माय म्हनती माझी चोळी लय विटलीय, पन तुमाला दिसंल तवा ना!"

गिऱ्हाइकं हसली. मी पोत्याआड गेलो.  दोन दिवसांनी अप्पा स्वतः गाडी जुंपून सेलूच्या बाजाराला गेले, आणि येताना घरातल्या सगळ्या बायकांसाठी खण घेऊन आले. सगळे सारख्या दर्जाचे होते. फक्त माझ्या बायकोचा जांभळा, तिच्या आवडीचा. तो रंग अप्पांना कुणी सांगितला, हे मी पोरीला विचारलं. तिचं तोंड अप्पांनी दिलेल्या गुळानं भरलेलं होतं.